गादीवाल्याची उसळी

ठकी उंबरठ्याला अडखळून पडली, तेव्हा तिची आजी आणि व्यायामाच्या बाई दोघी समोरच होत्या. त्यामुळे "लक्ष नव्हतं तिचं" हे तिच्या बापाचं, गादीवाल्याचं, नेहमीचं उत्तर त्या दिवशी चाललं नाही.

ठकी पाच वर्षांची. कापडाच्या बाहुलीसारखी, बसवली की बसायची आणि उभी केली की कलंडायची. नाव तिच्या आईने ठेवलेलं. अंग सैल असलं तरी जीभ मात्र तयार होती. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

बाईंनी तिचे पाय दाबून पाहिले, तिला एका पायावर उभं करायचा प्रयत्न केला, पडता पडता पकडलं आणि म्हणाल्या, "आजार काही नाही. स्नायू सैल आहेत, तोल नाही. हिला उडवा."

"काय करू?" गादीवाल्याने विचारलं.

"उड्या मारायला लावा. ट्रॅम्पोलिनवर, रोज थोडा वेळ. पाय, पाठ, पोट, सगळं कामाला लागतं. हाडं भक्कम होतात, तोल येतो, भूक लागते, झोप लागते. शिवाय मूल हसतं, ते वेगळंच."

"आमच्या मुली कशावरही न उडता मोठ्या झाल्या," आजी म्हणाल्या.

"झाल्या असतील. पण ही उडाली तर जिना चढेल."

जिना म्हटल्यावर आजी आणि गादीवाला दोघांनी एकदम मान वर केली.

बायको गेली त्याच आठवड्यात नातेवाइकांसमोर बोलणं झालं होतं. आजी, म्हणजे त्याच्या सासूबाई, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट नव्हती आणि त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे नातीला उचलून वर नेणं शक्य नव्हतं. "ती आपल्या पायांनी जिना चढायला लागली, की मी तिला घेऊन जाणार," त्या म्हणाल्या होत्या. "शाळा माझ्या घरासमोर आहे. इथे कापसाच्या धुळीत पोर वाढवायची का?" गादीवाला "बरं" म्हणाला होता. ठकीला तेव्हा एक पायरी म्हणजे डोंगर. नुसतं बरं म्हणायला आपलं काय जातं, असं त्याला वाटलं. काय जातं ते माणसाला नंतर कळतं.

"मी उद्याच विकत आणते ते उडायचं," आजी म्हणाल्या.

"काही गरज नाही, आई. सगळा जन्म स्प्रिंगांत गेलाय माझा. मी बनवतो."

विकतची वस्तू उद्या आली असती. बनवायला वेळ लागतो. हे तो मोठ्याने बोलला नाही.

दुकान पुढे, घर मागे. गावात त्याच्या गाद्यांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. गादीच्या एका कडेला पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि दुसऱ्या कडेला त्याने धपकन बसायचं. पाणी हलायचं नाही. "एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. गेल्या वर्षापासून मात्र त्याने पेला काढला नव्हता.

ट्रॅम्पोलिनही त्याने मन लावून बनवलं. लोखंडी नळीची गोल चौकट वाकवून घेतली. आत खाली स्प्रिंगा उभ्या लावल्या, प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत, म्हणजे एकीचा धक्का दुसरीला नको. त्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, थर दिला. लहान मूल आहे, लागायला नको, म्हणून कापसाचाही एक थर दिला. मग ठकीला वर उभं केलं.

"मार उडी."

"मारली."

"कधी?"

"आत्ता. तू बघत होतास की."

"परत मार. जोरात."

ठकीने डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि सगळा जोर लावला. फुस्स असा आवाज झाला. ती घोट्यापर्यंत आत गेली आणि तिथेच राहिली.

"बाबा, हे मला गिळतंय."

थोड्या वेळाने ती त्यावरच आडवी झाली आणि झोपली. बाईंनी सांगितलेल्या फायद्यांपैकी झोपेचा तेवढा पहिल्याच दिवशी मिळाला.

दुसऱ्या दिवशी पाठदुखीने हैराण झालेले एक काका गादी बघायला आले. सगळ्या गाद्या दाबून झाल्यावर ते ट्रॅम्पोलिनवर पडले आणि उठायला तयार होईनात. "हीच द्या. गोल असली तरी चालेल, मी वाकडा झोपेन."

"काका, ते व्यायामाचं आहे."

"असू दे. असा व्यायाम मला झेपतो."

एवढ्यात गॅरेजवाला मित्र आला. त्याने वाकून खाली पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे येड्या, स्प्रिंगा खाली कशाला कोंबल्यास? त्या चहूबाजूंनी आडव्या ताणायच्या असतात. मध्ये नुसतं कापड."

"आणि खाली?"

"खाली काही नाही. हवा."

"हवेवर उडवू पोरीला?"

"मग गादीवर उडवतोस?"

हे चाललं असताना आजी आल्या. त्यांनी काकांच्या पायाशी तळहात दाबून पाहिला. हात आत गेला आणि शांतपणे बाहेर आला.

"यावर ती उडणार?"

"थोडं चुकलंय. करतो नीट."

"चुकलेलं नाही. मुद्दाम केलंय तुम्ही. ती चढायलाच नकोय तुम्हाला."

"तसं नाही, आई. हाताला सवय आहे. उसळी जिरवायचीच सवय आहे माझ्या हाताला."

"माहीत आहे मला ती सवय," आजी म्हणाल्या. "माझी मुलगी तुमच्या शेजारी, तुम्ही बनवलेल्या गादीवर गेली. किती तळमळली असेल. आणि तुम्हाला सकाळी कळलं."

इतका वेळ न उठणारे काका तेव्हा उठले, चपला हातात घेतल्या आणि निघून गेले. गॅरेजवाल्याला गॅरेज आठवलं.

गादीवाला काकांनी चुरगळलेलं कापड हाताने सारखं करत राहिला. डॉक्टर म्हणाले होते, झोपेतच गेल्या, काही कळलं नसेल. कोणाला, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

आजी गेल्यावर त्याने कात्री घेतली आणि नमदा, कापूस, पिशव्या, सगळं फाडून काढलं. मित्राकडून जाडजूड स्प्रिंगा आणल्या, कशाच्या होत्या ते विचारलंही नाही. चौकटीला उंच पाय लावले आणि ताडपत्रीसारखं कापड रागाने ताणून बसवलं. इतकं ताणलं, की टिचकी मारली तर ढोलासारखं वाजायचं. ठकीला चढवण्याआधी त्याने कापसाचं भरलेलं पोतं वर टाकून पाहिलं, तेवढी अक्कल शिल्लक होती. पोतं वर गेलं, पंख्याला भेटलं आणि दोघं मिळून खाली आले. पोतं फुटलं आणि कोपऱ्यात कापसाचा ढीग झाला. पंख्याचं एक पातं शेवटपर्यंत सापडलं नाही.

"बाबा, मला आधीचंच दे," ठकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा सैल करायला पक्कड हवी होती आणि ती गॅरेजवाल्याकडे राहिली होती. धूळ बसू नये म्हणून त्याने त्या चौकटीवर पांढरी चादर घातली आणि पक्कड आणायला गेला. येताना दाराशी त्याला आजी भेटल्या. कालचं बोलणं जास्त झालं असं त्यांनाही वाटलं असावं. तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण ठकीचे इस्त्री केलेले फ्रॉक घेऊन आल्या होत्या. चालून गुडघे भरून आलेले. समोर पांढरी चादर घातलेलं काहीतरी दिसलं, ते गादीवाल्याच्या दुकानात गादीशिवाय काय असणार?

"आई, थांबा!" तो ओरडला.

त्या बसल्या. म्हणजे बसल्या आणि लगेच उठल्या. ज्या गुडघ्यांना खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची, त्यांना या वेळी कोणी विचारलंच नाही. फ्रॉक चारी दिशांना गेले आणि आजी कापसाच्या ढिगात जाऊन पडल्या. वर नुसते पाय दिसत होते.

शेवटचा फ्रॉक तरंगत खाली आला. मग ठकी हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग पोट धरून. हसता हसता ती कलंडली आणि जमिनीवर पडून हसत राहिली.

"आजी, तू उडालीस! पक्ष्यासारखी नाही, पोत्यासारखी!"

गादीवाल्याने सासूबाईंना ओढून बाहेर काढलं. त्यांच्या केसांत, भुवयांवर, तोंडात कापूस. त्या ओरडणार होत्या, तोंडही उघडलं होतं. पण नातीकडे पाहून त्यांनी ते मिटलं. वर्षभरात त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं.

"सैल करा जरा," त्या तोंडातला कापूस काढत म्हणाल्या. "नाहीतर पोर उडून थेट माझ्या तिसऱ्या मजल्यावर पोचेल. जिना लागायचा नाही."

मग बाईंना बोलावलं. त्यांनी आधी ते उंच पाय कापायला लावले. "जमिनीलगत ठेवा. अनवाणी उडायचं, एका वेळी एकटीनेच, आणि मोठं माणूस शेजारी उभं पाहिजे. कडेच्या स्प्रिंगांवर मऊ पट्टा घाला, पाय अडकतो." मऊ पट्टा घालण्याचं काम मात्र त्याला पहिल्या फटक्यात जमलं.

राहिली उसळी. बाई समजावून गेल्या होत्या, जास्त ताणलं तर मूल फेकलं जातं, कमी ताणलं तर नुसतं दमतं, गुण येत नाही. कमी ताणलेलं बाहेरून ओळखू येत नाही. हे कळल्यावर गादीवाला दुपारभर पक्कड हातात धरून चौकटीशी बसून होता. थोडं सैल सोडलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. पोर उड्या मारत राहिली असती, आजी वाट बघत राहिल्या असत्या, आणि जिना जिथल्या तिथे राहिला असता.

"बाबा, झालं का? मला आजीसारखं उडायचंय," ठकी आतून ओरडली.

त्याने स्प्रिंगांचे आकडे एकेक करून नीट ओढले.

पहिले काही दिवस ती त्याचे दोन्ही हात धरून उडायची. मग एक हात. मग नुसतं बोट. जेवताना ताट पुढे करून परत मागायला लागली. एक दिवस उंबरठ्यावरून दोन्ही पायांनी उडी मारून बाहेर गेली आणि पडली नाही. आणि एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, बोट सोड. तू मला खाली ओढतोस."

त्याने सोडलं.

आजींच्या जिन्यावर ती भिंतीला हात न लावता चढली. तिच्यामागे आजी, प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत, आणि सगळ्यात मागे बॅग घेऊन गादीवाला. सगळ्यांच्या आधी वर पोचलेल्या ठकीने कठड्यातून डोकावून विचारलं, "आजी, तू अजून तिथेच? तुझे गुडघे सैल झालेत. तू पण उड."

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघ्यांमुळे की आनंदाने, ते विचारायला गादीवाला थांबला नाही. त्याने बॅग ठेवली आणि खाली उतरला. दिलेला शब्द होता.

नंतरचे दिवस त्याने गाद्या बनवल्या. गॅरेजवाला रोज संध्याकाळी यायचा, बसून जायचा. एकदा म्हणाला, "ते गोल उचलून माळ्यावर टाकू का?"

"राहू दे."

"अडचण होते."

"होऊ दे."

त्या आठवड्याच्या शेवटी दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी बॅग उतरली, मग ठकी उडी मारून उतरली, मग आजी, रिक्षावाल्याच्या हाताला धरून. ठकी सरळ ट्रॅम्पोलिनवर गेली. आजी दोनदा दाबून, खात्री करून खुर्चीत बसल्या.

"काय झालं, आई?"

"काय व्हायचं राहिलं ते विचारा. आधी गादी गेली. मग सोफा. मग खालच्या मजल्यावरचे वर आले, म्हणाले, किती मुलं आहेत? म्हटलं, एक. त्यांना खरं वाटेना, घरात शिरून मोजायला लागले. काल माझा पलंग मोडला. मी त्यावर होते."

"लागलं का?"

"लागायचं काय राहिलंय माझं?" त्यांनी पदराने चेहरा पुसला. "मला वाटलं होतं, जवळ घेऊन बसेन. केस विंचरेन. ती एक केस विंचरू देईल तर शपथ. मी उठेपर्यंत ती जिना उतरून परत चढून आलेली असते. तिच्यामागे धावायला माझ्याकडे पाय नाहीत हो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माझी मुलगी अशी नव्हती. बसवलं तिथे बसायची."

"हो," तो म्हणाला. "माझ्याकडेही."

ठकीच्या उड्यांचा आवाज तेवढा येत होता.

त्याने चहा केला, आजींनी तो अर्धा प्यायला. "रविवारी येत जाईन," त्या उठत म्हणाल्या. "इथेच राहू दे तिला. शब्द परत घ्या तुमचा."

ठकीने उड्या न थांबवताच हात हलवला. आजी रिक्षाकडे निघाल्या, पाय ओढत, एकट्या. गादीवाल्याला जे हवं होतं ते सगळं दुकानात उड्या मारत होतं, तरी तो त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावला.

"आई, तो पलंग पाठवून द्या. मी नीट करून देतो."

आजी रिक्षात बसल्या, गुडघे हातांनी उचलून आत घेतले.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आता त्यावर उडणार कोण?"