सदतीस हा काही वेद नाही

लिफ्टमध्ये कुंटेकाका भेटले की "कसं काय?" असं विचारत नसत. "किती?" म्हणून विचारत.

पहिल्यांदा मला वाटलं, कितवा मजला ते विचारतायत. मी म्हटलं, "नऊ." ते दचकून दोन पावलं मागे सरकले. मग हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला काहीच कळलं नव्हतं. त्यांना माझ्या अंगाचं तापमान हवं होतं.

सिंगापुरात, यिशुनच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं, तीही समोरासमोर. काका साठीला टेकलेले, अंगावर बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट आणि खिशात पेनाशेजारी थर्मामीटर. औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते नोकरी करत. पण त्यांच्या मते त्यांचं आयुष्य तरुणपणीच होऊन गेलं होतं. तेव्हा ते ऑस्ट्रेलियात एका प्राध्यापकाच्या हाताखाली होते आणि एकिडना नावाच्या प्राण्याच्या मेंदूचा अभ्यास करत होते.

एकिडना म्हणजे काय हे आमच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. त्याला इलाज नव्हता. बेडोकला एका घरी गणपतीला गेलो असताना हातातला मोदक तसाच धरून काका म्हणाले, "हा प्राणी पिलांना दूध पाजतो आणि अंडी घालतो!"

यजमानीणबाईंनी काळजीने विचारलं, "म्हणजे व्हेज की नॉनव्हेज?"

"मुंग्या खातो."

"अगंबाई," म्हणत बाईंनी मोदकांचं ताट थोडं लांब सरकवलं.

काकांना फरक पडला नाही. अंगावर काटे असलेल्या त्या जनावराचं त्यांनी 'काटेअण्णा' असं बारसं केलं होतं. "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी जागा असते," ते सांगत. "तिथे रसायनांचा दरबार भरतो. एक म्हणतं तापव, दुसरं म्हणतं निवव. त्यातलं एक रसायन वाढलं की तुम्हाआम्हाला ताप चढतो. ताप उतरवायची गोळी त्यालाच अडवते. पण तेच रसायन काटेअण्णाच्या मेंदूत थेंबभर सोडा, त्याचं अंग तापायचं सोडून निवतं! उलटं! आणि एरवीही स्वारी बत्तीसच्या आसपास मजेत असते. सदतीस हा काही वेद नाही, अनघाताई!"

हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेन. शेवटी शेवटी त्यांचं दार उघडल्याचा आवाज आला की मी लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागले. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

मालतीकाकू कधी बाहेर दिसत नसत. "तिला बरं नसतं," एवढंच काका सांगत. पण त्यांच्या खिडक्यांचं काहीतरी विचित्र होतं. भर दुपारी सगळ्या बंद, अर्ध्या तासाने सताड उघड्या. रणरणत्या उन्हात खिडकीबाहेरच्या बांबूवर लोकरीची पांघरुणं वाळत पडलेली. सिंगापुरात लोकर! माझा नवरा म्हणायचा, काकांनी घरात एखादा काटेअण्णा पाळलाय.

मग सार्सच्या साथीचं वर्ष आलं आणि सगळं सिंगापूर कुंटेकाकांसारखं वागू लागलं. ऑफिसच्या दारात ताप मोजायचा, दुपारी पुन्हा मोजायचा, कागदावर लिहायचं. शाळेत पोरांना थर्मामीटर वाटले. माझी ईशा लिफ्टमध्ये शिरतानाच इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडायची, "अंकल, थर्टी-सिक्स पॉइंट एट लाह!" सार्सचे रोगी ठेवलेल्या हॉस्पिटलजवळच्या नोव्हेना स्टेशनवर गाडीचे दरवाजे उघडत आणि कुणी न चढता मिटत. लोक एकमेकांकडे न बघता उभे असत.

मला वाटलं होतं, काका आता खुलतील. ते उलट गप्प झाले. आपल्या थर्मामीटरचा आकडा नीट आहे ना, हे विचारायला शेजारचे चिनी आजोबा त्यांच्याकडे येत. काका आकडा बघून मान हलवत आणि दार लावून घेत.

एका शनिवारी सकाळी त्यांनी आमची बेल दाबली. तोंडाला मास्क, हातात ओला पंचा. "अनघाताई, दोन हात कमी पडतायत," म्हणाले.

चार वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात पाऊल टाकलं. आतल्या खोलीत मालतीकाकू पलंगावर होत्या, लहान मुलीएवढ्या दिसणाऱ्या. श्वास घरघरत होता. पायाशी पाच पांघरुणं, पातळापासून जाडापर्यंत रचलेली. दोन पंखे, गरम पाण्याची पिशवी, बर्फाचा डबा. भिंतीवर तक्ते, तासातासाच्या आकड्यांचे.

"ट्यूमर होता," काका त्यांच्या कपाळावर पंचा ठेवत म्हणाले. "सहा वर्षं झाली. काढला, पण त्याबरोबर वाटाणाही बराचसा गेला. बोलणं जवळजवळ गेलं, आणि हे गेलं. थंडी वाजली तरी अंगाला कळत नाही, उकडलं तरी कळत नाही. खोली तापली की ही तापते, खोली निवली की ही निवते. मग ते काम मी करतो. मी कामावर असताना एक बाई येते, तिला शिकवून ठेवलंय." मग पंचा उलटून म्हणाले, "काटेअण्णाचं तापमान निदान त्याचं स्वतःचं तरी असतं हो."

मी काकूंचे हात पुसत राहिले. आकडा एकोणचाळीसच्या खाली येईना. हा ताप खोलीचा नव्हता, छातीतला होता. शेवटी ॲम्ब्युलन्स बोलावली. नखशिखान्त झाकलेली माणसं आली आणि काकूंना घेऊन गेली. हॉस्पिटलात सोबतीला माणूस चालणार नव्हता. त्या दिवसांत कुणालाच आत सोडत नव्हते.

काका तडक माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. वॉर्डासाठी सूचना टाइप करायच्या होत्या. ते सांगत गेले. पस्तीस दिसलं तर घाबरू नये, दुसऱ्या नंबरचं पांघरूण घालावं. एसीचा झोत अंगावर नको. साडेसदतीसला पंचा. "पंचा ठेवताना तिचा डावा हात धरावा, म्हणजे ती घाबरत नाही," ते म्हणाले. मी टाइप केलं. ते स्क्रीनकडे बघत राहिले. "ते काढा. त्याला शास्त्रीय आधार नाही."

मी काढलं नाही. त्यांचं लक्ष नाही असं बघून तसंच फॅक्स केलं.

नऊ दिवस ते दर चार तासांनी वॉर्डात फोन करत. "किती?" एवढंच विचारत, आकडा लिहून घेत आणि ठेवून देत. एकदा मी म्हटलं, "काका, त्यांच्याशी बोला तरी." ते म्हणाले, "बोलून तापमान बदलत नाही." सार्स नव्हता, साधा न्यूमोनिया होता. सातव्या दिवशी आकडा उतरला तसा त्यांनी आठवड्यात पहिल्यांदा चहात साखर घातली. नवव्या दिवशी दुपारी वॉर्डाचाच फोन आला, लगेच या म्हणून. टॅक्सी करून आम्ही पोचलो तेव्हा आकडा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मंडाईच्या स्मशानात आम्ही सहाजण होतो, सगळे मास्क लावलेले.

पुढे हॉस्पिटलात जायची बंदी उठली. काकूंची शाल वॉर्डात राहिली होती, ती न्यायला काकांनी मला बरोबर घेतलं. फोन घेणारी नर्स, रोहाना नावाची मलय बाई, धुऊन घडी घातलेली शाल घेऊन आली. तिने काकांचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाली, "अंकल, एक विचारायचं राहिलंय. तुमचा फोन ठेवला की मी आँटीला सांगायची, तुझ्या नवऱ्याचा होता. मग ती एकच शब्द म्हणायची. दर वेळी तोच. 'जेवलात.' आम्ही पाणी दिलं, पांघरूण दिलं, कूस बदलून पाहिली. तिला हवं तरी काय होतं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"तिला काही नको होतं," ते म्हणाले. "ती माझी चौकशी करत होती."

खाली कँटीनमध्ये त्यांनी आपणहून भात आणि डाळ घेतली. मी समोर बसले. ते खाली मान घालून जेवत होते, हळूहळू, नव्याने शिकत असल्यासारखे. अर्धा भात झाल्यावर थांबले.

"नव्हतो जेवलो," ते म्हणाले. हे त्यांनी मला सांगितलं नसावं, कारण ते शालीकडे बघत होते. "नऊ दिवस एकदाही धड जेवलो नव्हतो गं."

मग त्यांनी डाळ कालवली आणि पुढचा घास घेतला.