मिशीत अडकलेलं गाणं

हिवराजकाकाजींचा फोन आला की आपण 'हॅलो' म्हणायचं नसतं. म्हटलं तरी काही उपयोग नसतो. पलीकडून थेट ढोलकी सुरू होते. मग टाळ, मग शाहिराचा वरच्या पट्टीतला आवाज, मागून झीलकऱ्यांचं 'जी जी जी', आणि या गदारोळात एकदाच काकाजी ओरडतात, "आयक!" त्यांचा आपल्याशी संवाद तेवढाच. पुढे गाणं संपेपर्यंत फोन शाहिराच्या दिशेनं धरलेला. आपण वैतागून कापला तर लगेच परत लागतो.

मी राहतो आमगावला आणि नोकरी करतो गोंदियाच्या एका राईस मिलच्या ऑफिसात. रोज रेल्वेगाडीनं जा-ये. दिवाळीनंतर नवा धान येतो तेव्हा मिलमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. दारात ट्रक, टेबलावर फोन, नाकात कोंडा. नेमकी तेव्हाच आमच्याकडे मंडई सुरू होते.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की आमच्या भागात प्रत्येक गावाची एकेक मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि भरदुपारी चौकात दंडार, खडी गंमत असे नाचगाण्याचे खेळ रंगतात. आज या गावी, उद्या त्या गावी. काकाजी एकही चुकवत नाहीत. सायकलवर जातात, समोर उभे राहतात, आवडीचं गाणं लागलं की मला फोन करतात.

"फिर वही गाना?" आमचे शेठ समोरून विचारतात. मी फोन कानाला धरून मान डोलावतो. दुसरं काय करणार? थकलेल्या माणसाला भांडायचीही ताकद लागते.

काकाजी माझे शेजारी. मधे एक भिंत. काकू गेल्यापासून घरात एकटेच. उभी हयात त्यांनी मंडईला माईक लावले. झाडावर दोन भोंगे बांधायचे, खाली अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा आणि भोंग्याच्या पुढ्यातच बसायचं, म्हणजे आवाज फाटला तर आधी आपल्याला कळेल. माईकनं शिट्टी मारणं त्यांच्या लेखी पापच. एकदा एका लग्नात दुसऱ्याच कुणाचा माईक किंचाळला, तर काकाजी पंगतीतून उठले आणि भाताचा हात तसाच वर धरून, डाव्या हातानं त्या पोराचं बटण फिरवून आले. "ऑपरेटर हाय का भुईमूग?" असं वर त्यालाच विचारलं.

आता मोठमोठे डीजेचे डबे आले. काकाजींचे भोंगे गोठ्यात टांगलेत आणि त्यातल्या एकात कोंबडी अंडी घालते. तरी जुन्या कमिट्या एक मान राखून आहेत. कार्यक्रमाआधी नारळ फुटतो आणि काकाजींना आवाज पाहायला बोलावतात. ते डब्यासमोर उभे राहतात, बटण इकडे तिकडे फिरवतात, दोन वेळा "हॅलो" म्हणतात आणि मान हलवतात. मग शाहीर उभा राहतो. या मानासाठी काकाजी आदल्या दिवशी सदरा इस्त्री करून आणतात.

स्वभाव मात्र हेकट. कुणाचं म्हणून ऐकायचं नाही. पोरगा नागपूरहून येतो, चला म्हणतो, हे दुसऱ्याच विषयावर बोलत सुटतात. रस्त्यात हाक मारली तर वळून बघत नाहीत. एखादी गोष्ट विचारली की, "ते सोड. गाना आयक." गावात म्हणतात, हिवराज फक्त शाहिराचं ऐकतो.

फोन एकवेळ सोसला असता. खरा छळ दुसऱ्या दिवशी सकाळी. माझी गाडीची घाई चाललेली असते आणि काकाजी चहाला येऊन बसतात. चहा निमित्ताला. त्यांना परीक्षा घ्यायची असते.

"सांग बाबू, काल शाहीर का म्हनला?"

"छान म्हणाला, काकाजी."

"छान नोको सांगू. शबूद सांग. पयलं कडवं."

मी चहात बघत कडवं सांगू लागलो की ओरडतात, "तोंड वर कर! कपात कायले पाहून राहिला?" तोंड वर केलं की माझ्या मिशीवर येतात. माझी मिशी जरा भरघोस आहे, वडिलांवर गेलेली. "मिश्या छाट बाबू. सगळा गाना मिशीत अडकून राह्यते." मग माझी बायको शालू ओट्यापासून पुढे येते. माझ्या फोनवर रेकॉर्ड झालेलं गाणं तिनं ऐकलेलं असतं. ती समोर बसून सांगते आणि काकाजी तिच्या तोंडाकडे बघत खुलतात. "बाई पास. तू नापास." माझी गाडी तोवर निघून गेलेली असते.

यंदा मी कंटाळलो. मिलमध्ये दोन माणसं कमी, रविवारीही अर्धा दिवस काम. त्यात एका दुपारी शेठ हिशेब विचारत असताना काकाजींनी मला गवळण ऐकवली. शेठनं हिशेबाची वही मिटली. मी ठरवलं, बस झालं. येत्या रविवारी शालूच्या बहिणीच्या गावची मंडई होती, काकाजी तिथे असणारच. तिथेच तोंडावर सांगायचं की काकाजी, यापुढे फोन नको.

आम्ही पोचलो तेव्हा दुय्यमची जुगलबंदी रंगात आली होती. दोन शाहीर समोरासमोर. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं. सासू-सुनेचं भांडण चाललं होतं. खळ्यावर धान पडलाय आणि दोघींनाही मंडईला जायचंय.

*खळ्यावर माझा धान पडला, मंडईत माझा जीव,*
*राखण तुम्ही करा सासूबाई, येऊ द्या थोडी कीव!*

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकाजी अगदी पुढे, इस्त्रीच्या सदऱ्यात. डावा हात स्टेजच्या फळीवर पालथा टेकलेला, उजव्या हातात फोन उंच. माझ्या खिशातला फोन वाजला. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभा!

"काकाजी!" मी म्हटलं. वळले नाहीत. पुन्हा जोरात म्हटलं. नाहीत. म्हटलं, बघा हेकटपणा.

तेवढ्यात गाता गाता शाहीर माईक घेऊन डब्यासमोर आला आणि अशी शिट्टी वाजली की सगळ्या चौकानं कान झाकले. पोरं रडायला लागली, डीजेवाला बटणाकडे धावला. मी काकाजींकडे बघितलं. आता हा माणूस त्या डीजेवाल्याला फाडून खाणार.

काकाजी हसत होते. शाहिराच्या तोंडाकडे बघत, फळीवरच्या हातानं ठेका धरून, अगदी सुखानं. शिट्टी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

भोंग्यापुढे बसून बसून त्यांनी सगळ्या मुलखाला गाणी ऐकवली आणि स्वतःचे कान त्यात घालवले. हेकट म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं, बहिरा म्हणवून घेणं परवडत नव्हतं. आणि सकाळची परीक्षा? ती परीक्षा नव्हतीच. आदल्या दुपारचं गाणं ते आमच्या ओठांवरून ऐकत होते. मला रडू आलं. भर मंडईत, हातात जिलेबीचा पुडा घेऊन.

मागच्या मागे फिरलो, परत वाजणारा फोन उचलला आणि गाणं संपेपर्यंत कानाला धरून उभा राहिलो.

सोमवारी सकाळी आरशासमोर उभा राहिलो आणि मिशी उतरवली. आमच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरवतात. शालूच्या हातातलं भांडं पडलं. "अजी, हे का केलं? बाबूजी त बरे हायेत ना?" तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आन् मी त्याईच्याकडे पाठ करून किती बोलली असन."

काकाजी आले. माझे उघडे ओठ बघितले. माणूस हुशार. सदऱ्याच्या खिशातून एक लहानसं यंत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"पोरानं कानाची मशीन आनून देल्ली. कानात घातली का शिटी मारते. आयुष्यभर शिटी मारू देल्ली नाई, आता कानातच ठेवू का?" मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानानं खाली आणून, म्हणाले, "कमिटीवाल्याईले सांगू नोको, बाबू. मले बोलावनार नाईत."

मी मान हलवली.

"सांग आता. सासू का म्हनली?"

मी तोंड वर केलं आणि सांगितलं. सगळी कडवी. माझ्या ओठांबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. गाडी गेली. ऑफिसात शेठ माझ्याकडे बघून उभेच राहिले. "अरे, कौन गुजर गया?" कोणी नाही, म्हटलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मंडईत होतो. अंग दुखत होतं, झोप पुरी नव्हती, कुठल्या जन्मीचं भोगतोय असं वाटत होतं. नारळ फुटला. काकाजी डब्यासमोर गेले, "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि बटण फिरवत गर्दीत माझ्याकडे बघायला लागले. आमचं ठरलेलं होतं. शिट्टी निघाली, मी हात वर केला. त्यांनी बटण मागे घेतलं. शिट्टी थांबली.

"काकाजीचा कान म्हन्जे कान!" कमिटीचे अध्यक्ष माईकवरून म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात खाली घेतला.