मंजूर उंबरठा

आंजी गावातल्या आमच्या मंगल कार्यालयाच्या दाराला उंबरठा आहे, ही बाब यंदा शासनाच्या निदर्शनास आली. उंबरठा सागाचा, माझ्या सासऱ्यांनी बसवलेला. त्याच्या अलीकडे नवरदेव उभा करून ओवाळायचा, मग आत घ्यायचा, ही आमची रीत. वैशाखात माझी नात अंकिता हिचं लग्न तिथंच ठरलं होतं. अग्निसुरक्षेची मंजुरी मिळाली नाही तर सेलूचे व्याही लग्न आपल्या लॉनवर नेणार होते आणि जन्मभर मला ते ऐकवणार होते.

तपासणीला अच्युतराव साहेब आले. उंबरठ्याजवळ उकिडवे बसले.

"आजी, दार अग्निरोधक हवं. खालचा उंबरठा प्रमाणित हवा. दाराखालून धूर जाता कामा नये."

"मंग उंच करतो."

"उंच नको. माणसं पळताना अडखळतील. चाकाची खुर्चीही सहज गेली पाहिजे."

"म्हणजे असावा बी आन् कोणाले लागू बी नये."

"अगदी बरोबर."

"आमचे हे तसेच होते, साहेब. घरात होते, पण कोणाले आडवे आले नाई."

साहेबांनी 'हे' विचारात घेतले नाहीत.

माझ्या मुलाने, रोशनने, नागपूरहून जाडजूड दार आणलं. खाली चपटी पट्टी, पट्टीत रबर. साहेबांनी एका बाजूला उदबत्त्या लावल्या, दुसऱ्या बाजूला पालथे पडून नाक फटीला लावलं. वास आला नाही. दार, चौकट आणि उंबरठा एकत्रितरीत्या मंजूर झाले. मी लगेच पट्टीवर हळदीकुंकू वाहिलं.

"आजी, पुसा ते. थर चढला की दार टेकत नाही."

पुसलं. देवाची माफी मनातल्या मनात मागितली, लेखी मागायची पद्धत अजून निघालेली नाही.

साहेब पुढे म्हणाले, "यावर वर्दळ नको. रबर झिजलं की मंजुरी रद्द."

"उंबरठ्यावर पाय आमी बी देत नाई. ओलांडतो."

"ओलांडायला दार उघडावं लागेल. उघड्या दारातून धूर जातो."

"मंग पाव्हणे कुठून येतीन?"

"तो विषय आमच्या खात्याकडे नाही."

दाराला कुलूप लागलं. पत्रिका वाटून झालेल्या. व्याह्यांचा फोन आला, आवाजात नको तितकी माया होती. मी रोशनला म्हटलं, "भिंत फोड."

"माय, साहेब?"

"साहेबांचं दाराशी काम आहे. भिंतीशी काऊन राहीन?"

दाराच्या शेजारीच बैल जाईल एवढं भगदाड पाडलं. साहेब पुन्हा आले.

"हे दार आहे का?"

"नाई."

"चौकट? उंबरठा?"

"काईच नाई. भोक आहे."

साहेबांचा चेहरा उजळला. दार नसल्याने दाराचे नियम लागू नव्हते. त्यांनी शेरा मारला: निरंक.

लग्न थाटात झालं. नवरदेवाला भगदाडापुढे ओवाळलं. व्याही तोंड पाडून, मान वाकवून आत आले. साहेबही सहकुटुंब त्याच भोकातून आले. मंजूर दारापाशी कोणी फिरकत नव्हतं, म्हणून आचाऱ्यानं गॅसचे सगळे सिलिंडर तिथं टेकवून ठेवले आणि बाजूला भट्टी पेटवली. साहेबांनी लांबून पाहिलं. "दार शाबूत ठेवलंत," म्हणाले, आणि पंगतीला बसले.

जेवताना मांडवात धूर आला. कोणी उठलं नाही. "वरण लागलं वाटते," एवढंच सगळे म्हणाले.

तुम्हीही होता त्या पंगतीत. आमच्या नसेल तर दुसऱ्या कुणाच्या. तिथलं दार उघडं होतं की त्याला खुर्च्या टेकवल्या होत्या, सांगता येईल? नाही येणार. पण वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं, हे अजून सांगत फिरता.