डॉक्टरांच्या छतासाठी आकाश

"फोटो म्हणजे फोटो! माणसाचा काय आणि आकाशाचा काय!" हलूनका म्हणाले, आणि जेवणाच्या टेबलावरचे सगळे चमचे एकदम थांबले.

हलूनका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. पासपोर्टचा असो, परीक्षेच्या अर्जाचा असो, गावातला प्रत्येक चेहरा त्यांच्यासमोरच्या फिरत्या स्टुलावर बसून गेलेला. हनुवटी दोन बोटांनी वर करायची, मागे जायचं आणि शेजारच्या दुकानात ऐकू जाईल असं ओरडायचं, "हलू नका!" मग लखकन फ्लॅश. उरलेलं काम आतल्या खोलीत त्यांची बायको करायची. संगणकासमोर बसून ती लोकांची मुरमं, डाग, देवीचे व्रण इतक्या मायेने पुसायची की तिच्या हाताखालून गेलेला चेहरा ओळखायला जन्मदात्या आईलाही दोन मिनिटं लागत.

तर ते जेवण होतं लेकीच्या सासरी. व्याही दातांचे डॉक्टर. त्यांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन पुढच्या रविवारवर आलेलं. पेशंट खुर्चीत आडवा झाला की त्याला वर छतावर चांदण्यांनी भरलेलं आकाश दिसावं, म्हणजे खालच्या यंत्राकडे त्याचं लक्ष जाणार नाही, अशी त्यांची योजना होती. एका कंपनीचं तयार चित्रही त्यांनी पसंत केलं होतं.

"विकतचं आकाश?" हलूनकांच्या मानेवरची शीर उभी राहिली. "घरात फोटोग्राफर असताना? मी काढतो!"

बायकोने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. चुकून तो व्याह्यांचा निघाला.

"तुम्ही काढाल?" पाय मागे घेत डॉक्टर म्हणाले. "अहो, मग प्रश्नच मिटला! विहीणबाई, तुमचे यजमान म्हणजे रत्न आहेत."

डॉक्टर सरळ मनाचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी कंपनीला नकार कळवून टाकला. दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, इथे तुम्हाला फार मानतात हो. आत्तापर्यंत तुमचा शब्द खाली पडलेला नाही. आता आकाश तेवढं पाडू नका!"

त्या रात्री हलूनका स्टँड आणि कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले. फोटोत रस्त्यावरच्या दिव्यांचा नारिंगी धुरळा आला, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी फारच सुरेख आली आणि टाकीच्या वर मोजून चार चांदण्या. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते काय, हे त्यांना तिथे टाकीकडे बघताना कळलं. चार चांदण्यांत डॉक्टरांचं छत कसं भरणार?

चौकशी करता कळलं की खरं आकाश वाळवंटात दिसतं आणि तिथे अमावास्येच्या सुमाराला रात्रीची फोटोग्राफी शिकवण्याचा वर्गही भरतो. तीन रात्रींचा वर्ग! शुक्रवारी सकाळी संपणार, शनिवारी घरी, रविवारी उद्घाटन. हलूनकांनी कानटोपी बॅगेत टाकली. स्टुडिओ बायकोवर सोपवला आणि निघताना म्हणाले, "शिकायचं काय त्यात? चार बटणं इकडची तिकडे."

वर्ग घेणाऱ्या मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या आणि इतक्या हळू बोलायच्या की ऐकण्यासाठी सगळ्यांना वाळूत गोल करून बसावं लागे. त्यांनी एकच नियम सांगितला. कुठलाही उजेड करायचा नाही. शटर बराच वेळ उघडं ठेवलेलं असतं, तेवढ्या वेळात काडी जरी पेटली तरी सगळ्यांचे फोटो वाया!

हलूनकांनी मान डोलावली. अंधार दाट झाला. सगळ्यांचे कॅमेरे स्टँडवर चढले, शटरं उघडली. वाळूच्या टेकडीवर एवढी शांतता की आपल्याच पोटातली गुरगुर ऐकू यावी. हलूनकांनी आकाशाकडे पाहिलं, कॅमेरा सरळ केला, आणि तीस वर्षांची सवय कुठे जाणार?

"हलू नका!" ते गरजले. आणि लखकन फ्लॅश!

आख्खी टेकडी उजळून निघाली. वर्गातल्या एकूण एक कॅमेऱ्यांत त्या रात्री एकच गोष्ट टिपली गेली. कानटोपी घातलेले हलूनका. अगदी स्पष्ट.

अंधारातून मॅडमचा आवाज आला. "काका, हे कोणाला म्हणालात?"

"आकाशाला."

"ते हलतं, काका."

"हलतं?" हलूनकांना हे खरोखरच नवीन होतं. शाळेत शिकले असतील, पण गिऱ्हाईक म्हणून त्याचा विचार केला नव्हता. "मग त्यावर उपाय?"

"आपण न हलणं," मॅडम म्हणाल्या आणि फ्लॅश मागून घेऊन स्वतःच्या पिशवीत ठेवून दिला.

दुसऱ्या रात्री ते डोळ्यांत तेल घालून बसले होते. मॅडमने सांगितलं होतं की आकाशगंगा उशिरा वर येते, आधी क्षितिजावर फिकट उजेड दिसतो. सगळे पेंगत असताना नेमका हलूनकांनाच तो दिसला! "आली! आली!" ते ओरडले. धावपळ उडाली. एक बँकेतले गृहस्थ तंबूतून एकाच पायात बूट घालून पळत आले. सगळे कॅमेरे तिकडे वळले. उजेड वाढला, डावीकडे वळला, खाली गेला, पुन्हा वर आला आणि शेवटी भोंगा वाजवत जवळ येऊन उभा राहिला. तंबूंना पाणी आणणारा टँकर होता.

"टँकर छान आलाय हो," बँकेतले गृहस्थ आपल्या कॅमेऱ्यात बघून म्हणाले. आणि दुसरा बूट शोधायला निघून गेले.

तिसऱ्या रात्री हलूनका कोणापाशी गेलेच नाहीत. लांब एका उंचवट्यावर त्यांनी स्टँड रोवला, मॅडमने सांगितलेली बटणं पाठ म्हणत एकेक लावली आणि शेजारी वाळूवर चक्क आडवे झाले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. वाळू अजून कोमट होती. वारा पडला होता.

आणि मग त्यांना दिसलं. म्हणजे काय दिसलं ते पुढे त्यांना कधी नीट सांगता आलं नाही. आयुष्यभर लोकांच्या हनुवट्या वर करणाऱ्या या माणसाने स्वतःची हनुवटी कधी वर केली नव्हती. काळं असं आकाशात काही शिल्लकच नव्हतं! चांदण्यांच्या मध्ये चांदण्या, त्यांच्याही मध्ये पीठ सांडावं तशा आणखी बारीक चांदण्या, आणि मधून आडवा गेलेला तो पांढरा ओघ. हलूनकांना एकदम बायकोची आठवण आली. आतल्या खोलीत संगणकासमोर बसणारी ती, तिने हे कुठे पाहिलं असणार? डॉक्टरांचं छत, लेकीचं सासर, दिलेला शब्द, सगळं घटकाभर विसरून ते नुसते पडून राहिले. शटर तेवढं उघडत-मिटत होतं.

पहाटे मॅडमने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"काका, हा फार सुंदर आलाय."

हलूनकांचे डोळे भरून आले. वाळू गेली म्हणाले.

"फक्त कॅमेरा तापल्यामुळे काही बारीक लाल-पांढरे ठिपके आलेत," मॅडम फोटो मोठा करून दाखवत म्हणाल्या. "घरी गेलात की सावकाश पुसून घ्या. दोन-चारच आहेत."

घरी गेल्यावर! पण घरी जायला जीप चालली पाहिजे ना! परतीच्या वाटेवर जीप वाळूत रुतली. सगळ्यांनी मिळून ढकलली तेव्हा आणखी रुतली. ट्रॅक्टर येऊन तिला बाहेर काढेपर्यंत घराकडे जाणारी बस निघून गेली होती आणि पुढची थेट शनिवारी रात्री होती. म्हणजे हलूनका पोचणार रविवारी सकाळी, उद्घाटनाच्या तोंडावर!

तरी गडी डगमगला नाही. बसस्टँडाजवळच्या एका संगणकाच्या दुकानात जाऊन त्यांनी फोटो बायकोला पाठवला आणि लगेच फोन लावला.

"मिळाला?"

"मिळाला," बायको म्हणाली. "उघडलाय. अहो, पण यात..."

"माहीत आहे, माहीत आहे! कॅमेरा तापला की ठिपके येतात. ते पुसायचे आणि फोटो थेट फ्लेक्सवाल्याला द्यायचा. उद्या संध्याकाळी त्याची माणसं छतावर चिकटवणार आहेत."

"किती पुसू?"

"किती म्हणजे? अगं, एकही दिसता कामा नये! डॉक्टरांपुढे शोभा नको."

"फार आहेत हो."

"मग बस जागत! मी तीन रात्री जागलो, तू एक जाग." आणि मोठ्या ऐटीत त्यांनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी बुटांत अर्धं वाळवंट घेऊन हलूनका बसमधून उतरले ते थेट दवाखान्यात. सगळे जमले होते. व्याही नव्या पांढऱ्या कोटात, लेक दारात, आणि तिच्या शेजारी त्यांची बायको. बायकोचे डोळे लालभडक झाले होते, पण चेहऱ्यावर असं समाधान की पाहत राहावं.

"चला, चला, तुमच्यासाठीच थांबलोय!" डॉक्टरांनी आतल्या खोलीचा दिवा लावला. सगळ्यांनी माना वर केल्या.

छताच्या कडेने वाळूच्या टेकड्या होत्या. आणि टेकड्यांच्या वर काळं. स्वच्छ, गुळगुळीत, नितळ काळं. त्यात एका कोपऱ्यात चार चांदण्या.

हलूनकांच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीने बापाकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

"अगं," शेवटी ते बायकोच्या कानात कुजबुजले, "चांदण्या कुठे गेल्या?"

"कुठल्या चांदण्या?"

"फोटोतल्या!"

"त्या चांदण्या होत्या?" बायकोचा हात तोंडावर गेला. "सगळ्या? मला वाटलं, काय दशा केली या माणसाने कॅमेऱ्याची! एकही दिसता कामा नये म्हणालात ना? रात्रभर पुसत बसले. मग म्हटलं, आकाश आहे, अगदीच बोडकं दिसेल, म्हणून चार ठेवल्या. आपल्या गच्चीवरून दिसतात तेवढ्या."

हलूनका सबबी शोधू लागले. आता डॉक्टरांना काय सांगायचं? कॅमेरा चोरीला गेला? वाळवंटात ढग होते? डॉक्टर मात्र खुर्चीत आडवे झाले, तोंड उघडलं आणि वर बघत पडून राहिले.

"एक," ते उघड्या तोंडाने म्हणाले. "दोन. तीन. चार."

"डॉक्टर, त्याचं असं झालं की..."

"थांबा!" डॉक्टर ताडकन उठून बसले. "अहो, काय डोकं चालवलंत! कंपनीच्या चित्रात हजारभर चांदण्या होत्या. पेशंट मोजत बसला असता आणि मी संध्याकाळपर्यंत ताटकळलो असतो! आता कसं, म्हणायचं, चांदण्या मोजा. तिसरीला दात हातात! चौथीला चूळ भरा!"

टाळ्या पडल्या. लेकीने बापाचा हात घट्ट धरला. बँकेतल्या गृहस्थांनी ऐकलं असतं तर त्यांना बूट फेकावासा वाटला असता, पण ते तिथे नव्हते. हलूनका दोन्ही हात जोडून म्हणाले, "तोच विचार होता माझा," आणि बायकोने या वेळी नेमका त्यांचाच पाय दाबला.

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र त्यांना राहवेना. छत राहिलं, शब्दही राहिला, पण ते आकाश? त्यांनी आतल्या खोलीतला दिवा मालवला, बायकोला खुर्चीवर बसवलं, मूळ फोटो संगणकावर उघडला आणि तिच्या मागे उभे राहिले.

"आता बघ. ठिपके म्हणून नको बघू. वाळूवर पडलीयेस, वारा नाही, आवाज नाही, असं समज आणि बघ."

बायको बघत राहिली. माऊसला तिने हातही लावला नाही. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा हळूहळू मऊ होत गेलेला हलूनकांना दिसला आणि त्यांना वाटलं, चला, तीन रात्रींचं चीज झालं.

"असं असतं होय ते खरं?" ती म्हणाली.

"अगदी असं."

"छान आहे हो. फारच छान आहे." मग मागे वळून हळूच म्हणाली, "पण खरं सांगू का? जरा जास्तच होत्या."