विद्युल्लताबाईंचा उणे एक

बँकेतल्या सुश्रुतने संगणकाचा पडदा विद्युल्लताबाईंकडे वळवला आणि जरा संकोचून सांगितलं, की गाडीचं कर्ज सध्या तरी होणार नाही. त्यांचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत दाखवणारा आकडा, उणे एक होता.

विद्युल्लताबाई अंबाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. एकोणीस वर्षं त्या कामतघरहून रोज आधी रिक्षा आणि मग जीप असं करत जात होत्या. त्या रस्त्याने त्यांच्या कमरेचं असं काही करून ठेवलं होतं, की डॉक्टरांनी एक तर नोकरी सोडा नाहीतर स्वतःची गाडी घ्या, असं बजावलं. नोकरी बाईंना सोडायची नव्हती. दुसरं कुणी असतं तर बँकेत चिडलं असतं. बाईंना मात्र कुतूहल वाटलं.

"उणे एक कसा? निदान शून्य तरी हवा ना?"

"मॅडम, उणे एक म्हणजे तुमच्याबद्दल काहीच माहिती नाही. तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही."

"मग ते चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे. पण ज्याने कधी घेतलंच नाही, तो फेडतो की नाही हे आम्हाला कळणार कसं?"

बाई विचारात पडल्या. निरीक्षण नाही तर निष्कर्ष नाही. आठवीच्या वर्गाला त्या तरी दुसरं काय सांगत होत्या? घर, फ्रिज, टीव्ही, सगळं नवऱ्याच्या, आल्हादच्या नावावर घेतलेलं. कर्जही त्याच्याच नावावर काढा, असं सुश्रुतने सुचवून पाहिलं, पण ही गाडी बाईंना स्वतःच्या नावावर हवी होती. मग त्याने उपाय सांगितला. एखादी छोटी वस्तू हप्त्याने घ्यायची आणि हप्ते वेळेवर भरायचे.

त्याच संध्याकाळी बाईंनी सहा हप्त्यांवर मिक्सर घेतला. दुकानदाराला ओळखीच्या दोन माणसांचे नंबर हवे होते. बाईंनी एक आल्हादचा दिला आणि दुसरा शेजारच्या धोंडूबाईंचा.

धोंडूबाई मूळच्या वाडा तालुक्यातल्या. घरी बसून यंत्रमागाच्या लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि बाईंवर त्यांचा फार जीव. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फोन आला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, "विद्युल्लता जी ने मिक्सर के लोन के लिए आपका नंबर दिया है, आप उन्हें जानती हैं?" धोंडूबाईंनी 'मिक्सर' आणि 'लोन' एवढेच शब्द नीट ऐकले. पगारदार बाईवर मिक्सरसाठी लोन काढायची वेळ आली, हे त्यांच्या मनाला फार लागलं. मन हलकं करायला त्यांनी ते समोरच्या बिऱ्हाडात सांगितलं.

आठवड्याभरात दूधवाल्याने, पैसे सावकाश दिले तरी चालतील, असं हळू आवाजात सांगितलं. आल्हादचा भाऊ नारपोलीहून आला, आल्हादला गच्चीवर घेऊन गेला आणि मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळतोस का, असं खोदून खोदून विचारू लागला. शाळेत मुख्याध्यापकांनी बाईंना एकटं गाठून हातात पाकीट ठेवलं. स्टाफने वर्गणी काढली होती. बाईंनी ते परत केलं आणि सगळं समजावून सांगितलं, की पैसे भरपूर आहेत, पण आपण कधी उधारी केली नाही म्हणून उधारी मिळत नाही आणि ती मिळावी म्हणून उधारीवर मिक्सर घेतला आहे. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाईंसाठी पाणी मागवलं.

शेवटी चर्चा एकदाची थांबावी म्हणून बाईंनी दुसऱ्याच महिन्यात मिक्सरचे सगळे पैसे एकदम भरून टाकले आणि मोठ्या आनंदाने सुश्रुतला ते सांगायला गेल्या. त्याने कपाळाला हात लावला.

"मॅडम, इतक्या लवकर फेडायचं नव्हतं हो. रेकॉर्डवर अजून काही दिसायलाच लागलं नव्हतं."

बाईंनी प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी वॉशिंग मशीन घेतलं, बारा हप्त्यांवर. मशीन जिन्याने वर चढताना अख्ख्या चाळीने पाहिलं. त्या रात्री धोंडूबाईंनी न विचारता तांदळाची पिशवी आणून दिली. बाईंनी या वेळी काहीच समजावलं नाही. त्या दर महिन्याला हप्ता भरत राहिल्या आणि वहीत तारीख लिहीत राहिल्या. वर्ष सरलं. स्कोअर सातशे चव्वेचाळीस आला, तेव्हा बाईंनी शाळेत पेढे वाटले. स्टाफने ते खाल्ले, पण कुणी कारण विचारलं नाही.

आता गाडीचं कर्ज होणारच होतं. फक्त बँकेचा माणूस पत्ता तपासायला येऊन जाणार होता. तो आला तेव्हा बाई शाळेत होत्या.

"बाई, तुमी काय भिऊ नका," संध्याकाळी धोंडूबाई त्यांना दारातच म्हणाल्या. "वसुलीवाला आला व्हता. मी सांगितला, हिथं अशी कोन ऱ्हात न्हाय. सोडून गेली, दोन वर्सं झाली."

दुसऱ्या दिवशी बाई धोंडूबाईंना घेऊनच बँकेत गेल्या. फाइलवर 'पत्त्यावर आढळल्या नाहीत' असा शेरा पडलेला होता. बाई तिथेच राहतात, असं धोंडूबाईंनी खालमानेने कबूल केलं. सुश्रुत म्हणाला, की तपासणी पुन्हा करावी लागेल आणि आता वरिष्ठ बहुधा घराबाहेरचा जामीनदारही मागतील. तो लिहून घेत असताना बाईंना एक शंका आली.

"यांचा स्कोअर किती असेल हो?"

धोंडूबाईंची हरकत नव्हती. त्यांनी पिशवीतून पॅन कार्ड काढून दिलं. सुश्रुतने नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं आणि धोंडूबाईंसाठी खुर्ची पुढे सरकवली. सातशे एक्क्याण्णव. शिलाई मशीन, गावच्या घराच्या छपराचे पत्रे, मुलीचं लग्न. बचत गटामुळे पंधरा वर्षं त्यांची कर्जं चालू होती आणि एकही हप्ता चुकलेला नव्हता.

"मावशी, तुम्हाला गाडी घ्यायची आहे का?" त्याने विचारलं.

"मला काय करायचीय? या बाईंना द्या. त्या फेडतील, मी सांगते ना."

सुश्रुत आत जाऊन साहेबांशी बोलून आला. येताना त्याने चहा सांगितला आणि एक कोरा फॉर्म आणला. जामीनदाराच्या रकान्यात धोंडूबाईंनी एकेक अक्षर जुळवत सही केली, पेन टेबलावर ठेवलं आणि बाईंच्या कानाशी वाकल्या.

"आता तरी खरं सांगा बाई. घरात समदं ठीक हाय ना?"