शातो व्हर्दियाकला दुपारी पाजलेलं पाणी

मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास फ्रान्समधली एक द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यातल्या धामणशेत शिवारात येऊन बसली. चार एकर, दगडी कुंपणासकट, ओळींच्या टोकाला लावलेल्या गुलाबांसकट. शातो व्हर्दियाक नावाची तांबडी वाइन जिच्या द्राक्षांची होते, ती ही बोर्दोकडची बाग. तहसील कार्यालयाने 'आवक' अशी नोंद केली आणि सगळे जेवायला गेले. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

मालकीणबाई मादाम क्लोतिल्द बागेबरोबरच आल्या होत्या. वय सत्तरीचं, पायांत गमबूट, मराठी स्वच्छ. जमीन असेल तिथली भाषा बोलायची, ही घराण्याची रीत आहे, असं त्यांनी मला सांगितलं.

शेजारच्या गटाचे मालक रंगनाथ वडजे त्यांना आपल्या घरी जेवायला घेऊन गेले. मे महिन्याचं ऊन. जेवून मादाम जरा पडल्या, तेवढ्यात बागेने माना टाकल्या. रंगनाथअण्णांनी आपल्या विहिरीवरचा पाइप बागेत ओढला आणि मोटारीचं बटण दाबलं.

मादाम परत आल्या तेव्हा बागेत घोट्याएवढं पाणी होतं.

"वडजे! तुम्ही माझ्या बागेला पाणी दिलंत?"

"मग काय दूध द्यायचं? वाळून चालली होती, बाई."

"वाळू दे! आमच्या प्रांताचा नियम आहे. वेलीने तहानेनं मुळं खाली न्यायची, खडकातली ओल शोधायची. चव त्यातच आहे. तीनशे वर्षांत माझ्या घराण्याने पावसाखेरीज थेंब दिलेला नाही. पाणी पाजलं की बाटलीवरचं नाव जातं. मग उरते नुसती तांबडी दारू."

अण्णांचा चेहरा उतरला. "आमच्यात दारी आलेल्याला आधी पाणी देतात, बाई," ते म्हणाले. "नाव नंतर विचारतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रांताचे वाइन तपासनीस मस्यू देलमा आले. बाग हलल्याबद्दल त्यांचा आक्षेप नव्हता. नियम मातीबद्दल आहे, आणि माती तीच आहे, असं त्यांनी चिमूटभर चाखून ठरवलं. मग ते पहिल्या ओळीत शिरले आणि उजव्या बुटासकट रुतले.

"हे काय आहे?"

"चिखल," मादाम म्हणाल्या. त्यांच्या घराण्यात खोटं बोलत नाहीत.

"पाणी कोणी दिलं?"

"मी," अण्णा पुढे झाले. "बाईंचा काही दोष नाही. मीच दिलं. काल दुपारी दोनला, मोटारीनं. खरं तर या आठवड्यात आमची लाइट रात्रीची असते. पण हात सवयीनं बटणावर गेला, आणि मोटार चालू झाली."

विजेची खात्री करणं नियमाने बंधनकारक होतं. तपासनीसांनी रुतलेल्या अवस्थेतच सबस्टेशनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मादाम गुलाबाच्या झुडपाला धरून उभ्या होत्या. काटे टोचत होते, पण त्यांनी हात काढला नाही.

"दुपारी दोनला शेतीला लाइट?" पलीकडचे अभियंते हसले. "शक्यच नाही. पाहिजे तर लेखी देतो."

मस्यू देलमांनी थोडा विचार केला. "वीज नव्हती. म्हणजे मोटार चालली नाही. म्हणजे पाणी दिलं गेलं नाही. नाव कायम." आणि चिखलात बूट तसाच ठेवून त्यांनी पाय तेवढा उपसून घेतला.

"म्हणजे मी पाणी दिलंच नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही दिलंत," मादाम डोळे पुसत म्हणाल्या. "आणि त्याबद्दल मी जन्मभर तुमचे उपकार विसरणार नाही."

गुरुवारी पहाटे बाग परत गेली. जाताना अण्णांचा बांध तिने जराही कोरला नाही. या तालुक्यात असा शेजार मी तरी पाहिलेला नाही.

पण मी तीस वर्षं इथल्या विजेच्या बातम्या देतोय. मी सरळ सबस्टेशन गाठलं.

"फ्रान्सहून चार एकर जमीन इथे आली, हे तुम्हाला मान्य?" मी अभियंत्यांना विचारलं.

"मान्य. मी स्वतः पाहून आलो. फोटोही काढला."

"आणि दुपारी दोनला लाइट आली, हे मान्य नाही?"

"हे बघा, जमीन आमच्या खात्यात येत नाही," ते म्हणाले. "लाइट येते."

"कधी येते?"

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

तपासनीसांचा बूट अण्णांनी धुऊन बांधावर वाळत ठेवला आहे. त्यांची विहीर त्या मंगळवारी दुपारी परसभर, म्हणजे चांगली माणूसभर, उतरली. ते पाणी कोणत्या विजेवर उपसलं गेलं, हे आजपर्यंत कोणीही सांगितलेलं नाही.