साहेबांच्या घरच्या दहा पिशव्या

पूरकसाहेबांना खरं तर "अजून नाही" एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "दहा."

साहेब कृषी विस्तार अधिकारी होते. लहान शेतकऱ्यांनी एकाच पिकावर विसंबून राहू नये, जोडीला मशरूम, मधमाश्या, कोंबड्या असं काहीतरी पूरक करावं, हे गावोगाव जाऊन शिकवणं हे त्यांचं काम. 'पूरक' हा शब्द एका भाषणात साठ-सत्तर वेळा यायचा, म्हणून लोकांनी त्यांचं नावच पूरकसाहेब पाडलं होतं. (ते याला पदवी समजत.) बावीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांना शिकवलं होतं आणि स्वतः काहीही पिकवलं नव्हतं. घरी कुंडीत एक कोरफड होती, तीही बायकोने लावलेली.

त्या दिवशी पंचायतीच्या हॉलमध्ये धिंगरी मशरूमवर वर्ग चालू होता. भुसा भिजवायचा, पिशवीत भरायचा, मशरूमचं बी मिसळायचं, पिशवी अंधाऱ्या, ओलसर जागी टांगायची, तीन आठवड्यांत पिशवीला पंख्यासारखे पांढरे घोस फुटतात. पडद्यावर चित्रं सरकत होती. पहिल्या रांगेत एक काकू बसल्या होत्या. दीड एकर जमीन, पस्तीस वर्षं फक्त कोबी, म्हणून सगळे त्यांना कोबीकाकू म्हणत. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "साहेब, तुमच्या घरी किती पिशव्या आहेत?"

पाच म्हटलं तर कमी वाटलं असतं, पन्नास कोणाला पटल्या नसत्या. म्हणून दहा.

काकूंनी मान डोलावली आणि बाकीच्या अकरा जणांकडे वळून विचारलं की मग बघायला कधी जायचं. पुढचा महिना, दुसरा शनिवार, असं साहेबांचं मत न घेताच ठरलंसुद्धा.

साहेब घरी आले ते भुशाचं पोतं आणि बियांच्या पिशव्या घेऊनच. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात वॉर्डची मुख्य परिचारिका. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, आणि अडचणीत सापडले की साहेबही सिस्टरच म्हणायचे. तिने पोत्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि हे कुठे ठेवणार एवढंच विचारलं. पुस्तकात अंधार, ओलावा आणि शांतता सांगितली होती. घरात अशी जागा एकच होती.

"बाथरूममध्ये," साहेब म्हणाले.

भुसा ऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा असं पुस्तकात होतं. साहेबांनी गिझरचं पाणी वापरलं. त्यात हात बुडवता येत नव्हता, म्हणजे ऐंशी असणारच. सिस्टर दारातून बघत होती. तिने सांगितलं की भुसा नीट शिजायला हवा, हात कोपरापर्यंत धुवायला हवेत, नखं कापायला हवीत, नाहीतर आत बियांऐवजी भलतंच काहीतरी वाढेल. साहेबांनी तिला समजावलं की हा दवाखाना नाही, शेती आहे, आणि शेती हे त्यांचं क्षेत्र आहे. शेवटी थोडा भुसा आणि मूठभर बी उरलं. ते टाकून दे म्हणाले. सिस्टर काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे होकार नव्हे, हे वीस वर्षांच्या संसारात त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

दहा पिशव्या बाथरूममध्ये दोरीला लटकल्या. अंघोळ वाकून करावी लागे. साहेबांचे वडील ब्याऐंशी वर्षांचे, त्यांना वाकणं जमेना. ते म्हणाले, दहा माणसं रांगेत उभी राहून आपल्याला बघतायत असं वाटतं, आणि त्यांनी अंघोळ दोन दिवसांआड केली. ओलावा टिकावा म्हणून साहेब खिडकी उघडू देत नव्हते. टॉवेल वाळेनात.

दहाव्या दिवशी पिशव्यांवर हिरवट ठिपके आले. साहेबांनी ही वाढीची अवस्था असल्याचं जाहीर केलं. पंधराव्या दिवशी ठिपके काळे झाले आणि असा वास सुटला की वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू ड्रेनेज तुंबलंय का विचारायला खाली आले. विसाव्या दिवशी एका पिशवीतून तपकिरी पाणी थेट वडिलांच्या टकलावर ठिबकलं. तेव्हा मात्र साहेब पाटावर बसले आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचू लागले. 'भुसा नीट निर्जंतुक न केल्यास' या शब्दांपाशी त्यांनी ते मिटलं.

शनिवार उजाडला. सिस्टर सकाळच्या ड्यूटीवर गेली आणि साहेब बाजारात गेले. बाजारात धिंगरी नव्हती, बटण मशरूम होते, गोल गोल, टोपीवाले. एवढा फरक कोण बघतंय, असा विचार साहेबांनी केला. (हाच फरक त्यांनी वर्गात चाळीस मिनिटं समजावला होता.) घरी येऊन त्यांनी पिशव्या बाहेरून पुसल्या, अत्तर मारलं आणि वडिलांच्या मदतीने एकेक मशरूम टूथपिकने पिशवीला टोचून बसवला. वडिलांना हे काम फार आवडलं. कित्येक वर्षांत मुलाने आपल्याला कशात घेतलं नव्हतं, असं ते म्हणाले.

दुपारी दीडला बारा जण आले. बाथरूममध्ये एका वेळी तिघेच मावत होते. पहिले तिघे पाहून बाहेर आले आणि एकमेकांकडे बघू लागले. मग कोबीकाकू आत गेल्या. त्यांनी चष्मा लावला, एक मशरूम दोन बोटांत धरला आणि हळूच ओढला. त्याच्यामागोमाग टूथपिक बाहेर आली.

"साहेब, ही काडी कशाला?"

साहेबांना काही सुचायच्या आत वडील दारातून म्हणाले, "त्याशिवाय पडतात ते. सकाळी आठ पडले."

काकू हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं. काकूंनी मशरूम बादलीच्या काठावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "गेल्या हंगामात माझा दीड एकर कोबी सडला, साहेब. सगळा नांगराखाली घातला. आता जे करीन ते डोळ्यांनी बघूनच करीन, असं ठरवलंय. म्हणून आले होते."

साहेब बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले.

"काकू, मी कधीच केलेलं नाही," ते म्हणाले. "मशरूम नाही, मधमाश्या नाहीत, काहीच नाही. पुस्तकातलं सांगत आलो. पुस्तकातलं खरं आहे, पण मी ते नीट वाचलेलं नव्हतं."

लोक चपला शोधू लागले. तेवढ्यात सिस्टर ड्यूटीवरून आली. एका नजरेत तिने टूथपिक, अत्तराची बाटली आणि उंबऱ्यावरचा नवरा पाहिला. काही न विचारता ती जिन्याखालच्या अडगळीकडे गेली आणि तिथला जुना पडदा बाजूला केला. (साहेब अडगळीत कधी जात नसत, कारण तिथे गेलं की ती आवरावी लागते.)

आत दोन पिशव्या टांगलेल्या होत्या. दोन्हींना पांढरेशुभ्र, पंख्यासारखे, ओंजळीएवढे घोस फुटलेले.

"उरलेल्या भुशाच्या आहेत," ती म्हणाली. "कुकरमध्ये शिजवला."

कोबीकाकूंनी एक घोस ओढून पाहिला. निघाला नाही. मग त्या पदर खोचून तिथेच जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, पहिल्यापासून सांग बाई.

सिस्टरने पहिल्यापासून सांगितलं, म्हणजे बाराही जणांना आधी ओळीने नखं कापायला लावली. कुकरच्या किती शिट्ट्या, भुसा किती निथळायचा, पिशवीचं तोंड कसं बांधायचं. कोणाचा हात नाकाला लागला की ती त्याला परत धुवायला पाठवी. साहेब पाणी आणून देत होते. दीड तासाने सगळे उठले, तेव्हा कोबीकाकूंनी जाता जाता, बिघडलेली कशी दिसते ते ध्यानात राहावं म्हणून, साहेबांची एक सडकी पिशवी मागून घेतली.

दोन महिन्यांनी काकूंच्या गोठ्याशेजारच्या खोलीत चाळीस पिशव्या लटकत होत्या. पुढच्या वर्गाला त्या स्वतः टोपलीभर धिंगरी घेऊन आल्या, आणि त्यांच्याच आग्रहाने कार्यक्रम बदलला. मशरूम कसं करावं ते सिस्टरने सांगायचं, कसं करू नये ते साहेबांनी. साहेबांनी गिझरपासून टूथपिकपर्यंत काहीही लपवलं नाही. लोकांनी भराभर लिहून घेतलं. बावीस वर्षांत त्यांच्या भाषणात कोणी वही उघडलेली त्यांनी पाहिली नव्हती. घरी येताना त्यांची छाती चांगली दोन इंच फुगली होती.

वर्षअखेरीस वरिष्ठांचा शेरा आला. 'सदर अधिकाऱ्यांच्या चुका शेतकऱ्यांसाठी अत्यंत उपयुक्त ठरल्या आहेत. आगामी वर्षात मधमाशीपालनाबाबतही त्या अपेक्षित आहेत.'

साहेबांनी तो शेरा वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. सिस्टरने तो स्वतः दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना सूज उतरायच्या गोळ्यांचा अख्खा डबा घेऊन आली.